पाहुण्याच्या काड्या

बागेत सगळे तिला कात्रीबाई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण पाठीमागे म्हटलेलंही तिला अर्ध्या तासात कळायचंच. कमरेच्या पट्ट्याला चामड्याचं म्यान आणि म्यानात छाटणीची कात्री. जेवतानासुद्धा ती सुटत नसे. नवरा शिंपी, त्याच्या दुकानात कात्र्यांना तोटा नाही, पण घरातली दुधाची पिशवी असो की पार्सलची दोरी, कापली जायची ती हिच्या कमरेच्या कात्रीनं.

"अगं, सकाळपासून त्या कात्रीनं काय काय कापलं असशील, आणि तीच दुधाला?"

"धुतलीय," ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

आता बाग म्हणजे झोपाळे आणि घसरगुंडीची बाग नव्हे हं. ही झाडांची बाग. कुठकुठच्या देशांतून आणून लावलेली झाडं, प्रत्येकासमोर पत्र्याची पाटी आणि पाटीवर वाचता वाचता जिभेला गाठ पडेल असली नावं. शाळांच्या सहली यायच्या, अभ्यासाची माणसं यायची, आणि नव्यानं प्रेमात पडलेली जोडपी तर रोजच यायची. त्यांना पाट्यांशी काही घेणंदेणं नसायचं.

लग्न होऊन आली तेव्हा कात्रीबाई इथे रस्ते झाडायच्या कामाला लागली होती. झाडलेल्या रस्त्यावर मागे वळून बघावं तर पुन्हा दोन पिवळी पानं पडलेली. तिच्या डोक्यात तिडीक गेली. एके दिवशी ती झाडू टाकून सरळ झुडपावरचीच पिवळी पानं ओरबाडायला लागली. तेव्हाचे म्हातारे मुख्य माळी मागे उभे. "काय चाललंय?" म्हणाले. "उद्या पडायचं ते आजच काढते," ही म्हणाली, "उद्याचा माझा त्रास वाचला." म्हाताऱ्याला हसू आवरेना. त्यांनी आपली जुनी कात्री काढून तिच्या हातात दिली, आणि बाईच्या आयुष्याला लागलं ते वळण लागलं.

तेव्हापासून फाटक उघडायच्या आत तिची एक फेरी ठरलेली. सुकलेला शेंडा दिसला, उडवला. डागाळलेलं पान दिसलं, उडवलं. कापलेलं सगळं हातगाडीत आणि हातगाडी थेट भरडायच्या यंत्रात. लोक आत यायचे तेव्हा बाग न्हाऊनमाखून तयार असायची. बागेचे साहेब मोठ्या पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "आमच्याकडे तुम्हाला एक सुकलेलं पान सापडणार नाही." खरंच सापडायचं नाही. सापडेल कसं? कात्रीबाई होती ना!

पण तिची खरी कीर्ती वेगळीच होती. तिच्या हाताला गुण होता. तिनं काडी खोचली की लागलीच म्हणून समजा. दुसऱ्याच्या हातून वाळून जाणाऱ्या झाडाची काडी ही डब्यात, फुटक्या कपात, कशातही खोचायची आणि काही दिवसांत तिला कोवळी लाल पालवी. बागेचा नियम असा की आतलं एक पानही बाहेर जायचं नाही. आणि माळ्यांचा रिवाज असा की छाटलेल्यातली एक बरी काडी खिशात पडल्याशिवाय हात थांबायचे नाहीत. कुठल्याही बागेतल्या माळ्याला विचारा. कबूल करणार नाही, पण गालात हसेल.

कात्रीबाईचा खिसा तर पिशवीएवढा. तिनं दिलेल्या काड्यांची झाडं अख्ख्या वस्तीत होती. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे, नवऱ्याच्या दुकानात, आणि शहराच्या टोकाला राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंकडेसुद्धा.

जाऊबाईंचं जरा सांगायला हवं. थोरले दीर गेल्यापासून त्या मोठ्या घरात एकट्या राहायच्या. घरामागे दिरांनी लावलेली फळझाडं, आणि त्यांच्या कुंपणापलीकडे दुसऱ्यांच्या फळबागा, नजर पोचेल तिथपर्यंत. जाऊबाईंची जीभ अशी धारदार की कात्रीबाईच्या कात्रीनं मान खाली घालावी. दोघींचं भांडण म्हणजे घरच्यांना करमणूक. "वहिनी आणि ही एकत्र बसल्या की रेडिओ लावायला नको," शिंपी म्हणायचा. पण यंदा कधीतरी मध्येच जाऊबाईंनी बोलणंच टाकलं. फोन केला तर "हं" आणि "बरं" एवढंच. का, ते सांगेनात. कात्रीबाईनं कारण शोधायचा प्रयत्न केला, मग तिचाही पारा चढला. "नसू दे बोलायचं! मी काय पाया पडायला जाऊ?" असं म्हणून तीही फुगून बसली. मनातून मात्र तिला ते सारखं टोचत होतं.

त्यात दुसरं दुखणं. यंदा तिच्या काड्या लागेचनात!

बागेच्या मधोमध एक झाड होतं, त्याला सगळे पाहुणा म्हणायचे. लांबच्या डोंगराळ देशातून आलेलं, जाड चकचकीत पानांचं, दाट सावलीचं. दरवर्षी त्याच्या काड्या ती वाटायची, सगळ्या लागायच्या. यंदा वाटल्या त्या एकजात वाळल्या. शिक्षिका म्हणाली, "काय हो, हात गेला वाटतं तुमचा." न्हावी म्हणाला, "वय झालं मावशींचं." हसण्यावारी म्हणाले खरे, पण बाईच्या काळजाला घरं पडली. जिच्या हाताचा सगळ्या वस्तीत बोलबाला, तिच्या हातची काडी मरावी? ती घरी आरशासमोर उभी राहून हातांकडे बघत बसायची. "काय बघतेस?" नवरा विचारायचा. "काही नाही," म्हणून ती हात मागे घ्यायची.

अशात त्या शुक्रवारी सकाळी डॉक्टरीण धावत आली.

ही डॉक्टरीण झाडांची. झाडांना काय होतं, कुठला किडा चावतो, कुठली बुरशी चढते, हे बघायला ती आठवड्यातून एकदा यायची. पोरगी हुशार, बोलायला गोड, पण तिच्या पोतडीत बाटल्या, चिमटे, भिंगं असं सगळं खणखणायचं म्हणून कात्रीबाई तिला म्हणायची, "आल्या बघा भांडीवाल्या." आज मात्र पोतडी खणखणली ती पळण्यामुळे.

"मावशी! दुसऱ्या देशातल्या एका बागेचा निरोप आलाय. त्यांच्याकडेही पाहुण्याचं झाड आहे, त्याला एक नवाच भुंगेरा लागलाय. इतका बारीक, की डोळ्यांना सहज दिसत नाही. फांदीत घुसतो, आत बुरशी लावतो, वरचा शेंडा सुकतो. तिथून तो फळबागांत शिरला आणि तिथल्या लोकांनी हात टेकले. आपल्या पाहुण्याचे शेंडे सुकलेत का कुठे?"

"माझ्या बागेत?" कात्रीबाईनं कंबरेवर हात ठेवले. "सुकलेला शेंडा? एक दाखवा, कात्री तुम्हाला देऊन टाकते."

डॉक्टरीण हसली आणि भिंग घेऊन पाहुण्याकडे गेली. जाता जाता समजावत होती, कारण समजावणं हा तिचा धर्मच. "म्हणून तर अशी परदेशी झाडं बागांतून जपतात, मावशी. परक्या मुलखातलं झाड उघड्यावर उभं असलं की नवी कीड आधी त्याला चावते. त्याच्यावर नजर ठेवली की धोका आधीच कळतो, त्याच्या देशालाही आणि आपल्यालाही. एक बाग दुसरीला कळवते, दुसरी तिसरीला. पाहुणा म्हणजे आपला चौकीदार आहे."

"पाहुण्यालाच राखण करायला लावता? बरीच की रीत," कात्रीबाई म्हणाली.

पण डॉक्टरिणीचं लक्ष नव्हतं. ती एका फांदीपाशी थांबली होती. मग दुसरीपाशी गेली. मग तिनं झाडाला अख्खी प्रदक्षिणाच घातली. फांदी फांदीवर कात्रीचे तिरपे, स्वच्छ काप.

"मावशी, या एवढ्या फांद्या का छाटल्यात?"

"का म्हणजे? शेंडे सुकले होते."

"कधी?"

"या सगळ्या उन्हाळ्यात. रोज एखाददुसरा. रोज उडवला. दिसला का एक तरी? नाही ना?" आणि असं अभिमानानं म्हणता म्हणताच तिला डॉक्टरिणीचा चेहरा दिसला आणि तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. चौकीदार गळा काढून ओरडत होता आणि ही रोज सकाळी त्याचं तोंड दाबत होती.

"ते शेंडे कुठेत?"

"भरडले."

डॉक्टरीण मटकन कठड्यावर बसली. कारण समोर, पाहुण्याच्याच दाट सावलीत, रोपांच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या. फळांची, फुलांची, सावलीची. रविवारी बागेचा रोपांचा बाजार. फाटकावर मोठा फलक लागलेला, शहरभर सांगून झालेलं. उन्हाळाभर रोपं याच सावलीत वाढली होती. त्यांच्यात भुंगेरा शिरला असेल आणि रविवारी ती घरोघरी गेली, तर मग त्याला कुणी अडवू शकत नव्हतं.

दोघी साहेबांकडे धावल्या. साहेब वाईट माणूस नव्हे, पण टेबलाच्या पलीकडे बसलं की माणसाला दोन बाजू दिसतात. ते म्हणाले, "बाजार रद्द करायचा तर वरच्यांना काय दाखवू? छाटलेल्या फांद्यांचे काप? दुसऱ्याच्या बागेतला निरोप? मला किडा दाखवा. एक किडा, अख्खा. उद्या दुपारपर्यंत दाखवा, मी स्वतः फाटकाला कुलूप घालतो."

झालं! मग सुरू झाली ती शोधाशोध. रोपांच्या रांगांतून दोघी गुडघ्यांवर रांगल्या. डॉक्टरिणीला दोन-तीन रोपांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, आत काही नाही. साहेब म्हणाले, "तार लागली असेल." पाहुण्यावर तर बघायलाच नको, सकाळच्या फेरीतच कात्रीबाईनं त्याला चकाचक केलं होतं. नवे शेंडे सुकायला वेळ लागणार, आणि वेळ तर नव्हताच. डॉक्टरिणीनं कपाळाला हात लावला. "एक फांदी, मावशी. यंदाची, पाहुण्याची, भरडली न गेलेली एक फांदी मिळाली असती तर!"

कात्रीबाईनं खिसा हातानं दाबून धरला. डॉक्टरिणीनं मान वर करून बघितलं.

"मावशी?"

"बागेचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे..."

"मावशी!"

"काड्या आहेत. वाटल्यात. सुकलेला शेंडा उडवला, खालचा हिरवा भाग चांगला होता, टाकायला जिवावर आलं..." तिचा चेहरा लाल झाला होता. "आता रागवायचं ते नंतर रागवा. आधी चला!"

डॉक्टरीण कसली रागवते! तिनं उडीच मारली. "किती जणांना दिल्यात? कुठे राहतात? चला, चला, चला!"

शिंप्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढून स्कूटर काढली, डॉक्टरिणीची लहानशी गाडी मागून. खालच्या मजल्यावर शिक्षिका म्हणाली, "ती काडी? कधीच फेकली. हात गेला ना तुमचा!" न्हाव्यानं कुंडी दाखवली, तिच्यात आता कोथिंबीर. कात्रीबाईचं तोंड उतरत चाललं. आणि एकाएकी शिंपीच कपाळावर हात मारून ओरडला, "अरे, आपल्याच दुकानात आहे की! खिडकीतल्या बाटलीत!"

होती. वाळून कोळ झालेली, धुळीनं माखलेली. डॉक्टरिणीनं ती कापडं बेतायच्या टेबलावर ठेवून धारदार पात्यानं उभी चिरली. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. आत, काडीच्या मधोमध, काळा पडलेला बारीक बोगदा.

"हाच!" डॉक्टरीण किंचाळली. "हाच, हाच! बोगदा त्याचाच! बुरशीही त्याचीच!"

"म्हणजे काडी किड्यानं मारली?" कात्रीबाईनं विचारलं.

"अर्थात किड्यानं!"

"माझा हात नाही गेला?"

"तुमच्या हाताला काय झालंय?"

काय सांगावं त्या बाईचं! शिंप्याच्या दोन्ही खांद्यांना धरून तिनं त्याला गरागरा फिरवलं. टेबलावरचं कुणाचंतरी अर्धं शिवलेलं जाकीट खाली पडलं. "माझा हात नाही गेला हो! किडा होता! मेला किडा होता!" उन्हाळाभर छातीवर घेतलेलं ओझं एका क्षणात उतरलं. मग तिला आठवलं की तोच किडा तिनं आपल्या हातानं, आपल्या खिशातून, घराघरात पोचवलाय, आणि ती जागच्या जागी थांबली. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

"पण बोगदा रिकामा आहे," डॉक्टरीण हळूच म्हणाली. "उडून गेला. आणि साहेबांना किडाच हवाय. आणखी कुणाला दिली होती?"

शिंपी आणि कात्रीबाईनं एकमेकांकडे बघितलं.

"मी जाणार नाही," कात्रीबाई म्हणाली.

"अगं, वहिनींच्या मागे केवढ्या बागा आहेत..."

एवढं पुरलं. ती सगळ्यांच्या आधी स्कूटरवर जाऊन बसली. वस्तीत निदान सिमेंटच सिमेंट होतं. तिथे तर कुंपणापासून फळबागा सुरू.

जाऊबाईंनी दार उघडलं तेव्हा उन्हं कलायला लागली होती. दारात धाकटी जाऊ, मागे दीर, त्यामागे पोतडीवाली अनोळखी पोरगी. जाऊबाईंनी तिघांना वरून खाली बघितलं.

"बोला, काय काम काढलंत?"

"जाऊबाई, मी दिलेली ती पाहुण्याची काडी..."

"हं."

"परत हवीय."

"वा!" जाऊबाईंचं तोंड एकदम सुटलं, इतक्या दिवसांचं तुंबलेलं. "दिलेलं परत मागायला आलीस? ऐकताय ना, भावजी? तुमच्या बायकोला द्यायलाही येतं आणि हिसकावून न्यायलाही येतं!"

"वहिनी, ऐकून तरी घ्या..."

"या! बघा आधी काय नेताय ते!"

त्या तरातरा मागच्या ओसरीत गेल्या. तिथे मातीच्या कुंडीत, सकाळचं ऊन लागेल आणि दुपारचं लागणार नाही अशा नेमक्या जागी, पाहुण्याचं रोप उभं होतं. हातभर उंच. चकचकीत, भरलेलं, शेंड्याला ताजी लाल पालवी. कात्रीबाई बघतच राहिली. वस्तीतल्या सगळ्या काड्या मेल्या आणि ही जगली, तीही जिला झाडाझुडपांत कधी रस नव्हता त्या बाईकडे!

"हे... हे कसं जगलं?"

"तुझ्यामुळे नाही जगलं. मी जगवलं!" जाऊबाई म्हणाल्या. "तू तर मला किडकीच काडी दिली होतीस. मुद्दाम!"

"मुद्दाम?"

"लावली आणि चारच दिवसांत सालीतून पांढरी भुकटी. चष्मा लावून बघितलं तर भोक. म्हटलं, सगळ्या गावाला चांगल्या काड्या आणि थोरल्या जावेला किडकी! सुई घेतली, खुपसली आत आणि ओढून काढला त्याला."

डॉक्टरीण पुढे झाली. "काढलात? किडा? मग कुठे टाकलात तो?"

"टाकते कशाला?" जाऊबाईंनी हनुवटी वर केली. "पुरावा आहे तो. ही परत कधी शहाणपण शिकवायला आली असती ना, तर तोंडावर मारणार होते हिच्या."

आणि त्या आत जाऊन बटणांची एक चपटी डबी घेऊन आल्या. डॉक्टरिणीनं पोतडीतलं पांढरं कापड जमिनीवर पसरलं, गुडघे टेकले आणि झाकण उघडलं. कापसावर अर्ध्या तिळाएवढा एक काळा ठिपका. तिनं भिंग लावलं.

"कुणीही श्वास सोडू नका," ती म्हणाली. "उडेल!"

चौघंही दम कोंडून उभे. शिंप्याला नेमकी तेव्हाच शिंक आली, ती त्यानं नाक दाबून अशी गिळली की त्याचे डोळे बाहेर यायची वेळ आली.

"अख्खा आहे," डॉक्टरीण कुजबुजली. "पाय, मिशा, सगळं. मादी आहे. अंडी घालायच्या आत काढलीत तुम्ही हिला, आजी! म्हणून रोप वाचलं!" मग तिला राहवेना. ती उठली आणि तिनं जाऊबाईंना मिठीच मारली. कुणाला मिठी मारायची वेळ जाऊबाईंवर कित्येक वर्षांत आली नव्हती. त्या हात कुठे ठेवावेत ते न सुचून तशाच उभ्या राहिल्या.

"एवढंसं ते काय आणि केवढं नाचताय," त्या म्हणाल्या, पण ओठांचे कोपरे हलले.

कात्रीबाई मात्र नाचत नव्हती. "जाऊबाई," ती म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं हो. मुद्दाम कशाला देईन? तुमच्यासाठी तर मी सगळ्यांत जाड, सगळ्यांत चांगली काडी निवडली होती. म्हणूनच त्यात ती शिरली असणार. एकदा विचारायचं तरी होतं. मी किती दिवस डोकं फोडलं, काय चुकलं माझं म्हणून."

 डॉक्टरिणीनं घसा खाकरला. आनंदाच्या बातमीला जोडून कडू बातमी सांगायची पाळी तिच्यावरच आली होती. "आजी, रोप मात्र ठेवता येणार नाही. किडा निघाला तरी त्यानं आणलेली बुरशी लाकडात राहिलेली असू शकते. आणि मागे एवढ्या बागा. कापून, पिशवीत बांधून न्यावं लागेल. मुळासकट."

जाऊबाई कुंडीकडे वळल्या. त्यांनी पालवीवरून बोट फिरवलं.

"न्या," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगा, आता मी भांडू कुणाशी?"

"म्हणजे?" शिंप्यानं विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? हिच्याशी बोलणं टाकलं होतं ना मी. मग रोज सकाळी चहा घेऊन इथे बसायचे आणि ह्याच्याशी भांडायचे. हिचंच आहे म्हणून. तुझं नाक असं, तुझा तोरा असा, तुझा स्वयंपाक असा. सगळं ऐकून घ्यायचं बिचारं. बोलायचं नाही उलटून. हिच्यापेक्षा बरं होतं." त्यांनी कुंडीच्या कडेवरची माती झटकली. "घरात दुसरं आहे कोण?"

कात्रीबाईला हुंदका आवरेना. बाई रडली ती मोठ्यानं रडली, नाक ओढत, पट्ट्याच्या म्यानाशी चाळा करत. मग तिनं म्यानातून कात्री काढली. वर्षानुवर्षांत ती कात्री तिनं दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती. ती तिनं उलटी धरून, मूठ पुढे करून जाऊबाईंना दिली.

"तुम्हीच कापा. तुम्ही जगवलंत."

जाऊबाईंनी कापलं. एका कापात, तिरपं, स्वच्छ.

"धार चांगली आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. तोवर निरोप पाठवणाऱ्या त्या परदेशी बागेला डॉक्टरिणीनं फोटो धाडले होते. उत्तर आलं, तोच. या देशात पहिल्यांदाच सापडला होता, आणि फाटकाबाहेर पडायच्या आत सापडला होता, निदान बराचसा. साहेब उठले, स्वतः जाऊन त्यांनी फलक उतरवला आणि कबूल केल्याप्रमाणे स्वतः कुलूप घातलं. दुपारपर्यंत आणखी बागांना कळवून झालं. डॉक्टरीण एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात न खाल्लेलं सँडविच घेऊन बागभर पळत होती. रोपं जाळीच्या आत गेली, वस्तीतल्या कुंड्या पिशव्यांत बांधून आल्या. भोक पडलेलं एक रोप साहेबांनी स्वतःच डॉक्टरिणीकडे नेऊन दिलं आणि म्हणाले, "तार नव्हती ती." नियम मोडल्याबद्दल कात्रीबाईला साहेबांनी चांगलं झाडलं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं, ही बागेतली सगळ्यांत नवलाची गोष्ट. पाहुण्याभोवती जाळी बसली आणि त्याला हात लावायची तिला बंदी झाली. सुकलेला शेंडा दिसला तर आता कापायचा नाही, डॉक्टरिणीला हाक मारायची. सकाळच्या फेरीत ती जाळीपाशी आली की दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून पुढे जायची.

रविवारी बाग बंद. कात्रीबाई एकटीच बसनं शहराच्या टोकाला गेली. जाऊबाईंनी दार उघडलं आणि सवयीनं आधी तिच्या हातांकडे बघितलं.

"काही आणलं नाहीस?"

"नाही. यंदा बागेतून काही न्यायचं नाही. मी आलेय नुसती."

मागच्या ओसरीत रिकामी कुंडी तशीच होती. जाऊबाईंनी तिच्या शेजारी खुर्ची सरकवली, नेमकी, सकाळचं ऊन लागेल आणि दुपारचं लागणार नाही अशा जागी.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "चहा आणते. आणि कालपासून माझं बरंच साचलंय, मध्ये उलटून बोलायचं नाही."

"ते मात्र जमणार नाही," कात्रीबाई म्हणाली, आणि बसली.